प्राचीन रोममधली नाटकं, रथांच्या शर्यती आणि खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमबद्दल काहीही लिहिलं की पहिला मेसेज ग्लॅडिएटरवरच येतो, मग कलोसियम, मग अंगठा वर की खाली. नाटकाबद्दल फार कमी जण विचारतात, आणि खरं सांगायचं तर रोमन माणसाच्या वर्षातला मोठा वाटा नाटक, नाच आणि गाण्यानेच भरलेला होता, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिलीय. आधी सोपे प्रश्न आहेत, पुढे किचकट. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. रोमन लोकांच्या करमणुकीत नक्की काय काय यायचं?

ढोबळ तीन जागा लक्षात ठेवा. अर्धगोल थिएटर, तिथे नाटक, माइम, पँटोमाइम (हे दोन काय ते प्रश्न ९ मध्ये). लांबलचक सर्कस, तिथे रथांच्या शर्यती (आपल्या जोकर-तंबूवाल्या सर्कशीचा इथे काही संबंध नाही). आणि चारही बाजूंनी बंद, लंबगोल अँफिथिएटर, तिथे ग्लॅडिएटर आणि जनावरांच्या शिकारी. लोक थिएटर आणि अँफिथिएटर एकच समजतात, पण कलोसियम हे थिएटर नाही, तिथे रंगमंचच नाही.

यातल्या नाटक आणि शर्यती देवाच्या उत्सवात व्हायच्या, सरकारी कॅलेंडरमध्ये ठरलेल्या. सप्टेंबरमध्ये ज्युपिटरचे खेळ, जुलैत अपोलोचे, एप्रिलमध्ये महामातेचे, नोव्हेंबरमध्ये प्लेबियन खेळ. आपल्याकडे गावच्या जत्रेत देवदर्शन, तमाशा आणि कुस्तीचा फड एकाच दिवशी असतो ना, तसंच, म्हणून "हे धार्मिक होतं की मौजमजा" असं विचारलंत तर दोन्ही, आणि त्यांना ते वेगळं करायची गरजही वाटत नव्हती.

२. ग्लॅडिएटर रोज लढायचे का?

नाही, अजिबात नाही. इ.स. ३५४ चं एक रोमन कॅलेंडर नकलेच्या रूपाने आपल्यापर्यंत आलंय, त्यात वर्षातले पावणेदोनशेच्या आसपास दिवस खेळांचे आहेत. त्यातले शंभरेक दिवस रंगमंचाचे, साठ-पासष्ट रथांचे, आणि ग्लॅडिएटरचे फक्त १०, तेही सगळे डिसेंबरमध्ये. हे उशिराच्या काळातलं चित्र आहे हे मान्य, पण आधीसुद्धा ग्लॅडिएटरचे खेळ खास प्रसंगीच व्हायचे, कारण ते प्रचंड महाग. सुरुवात तर अंत्यविधीपासून झाली, इ.स.पू. २६४ मध्ये ब्रूटस पेरा नावाच्या माणसाच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या, ती रोममधली पहिली नोंद.

३. तिकीट किती असायचं?

साधारणपणे फुकट. उत्सवाच्या खेळांना सरकारी तिजोरीतून पैसे मिळायचे पण ते कधीच पुरायचे नाहीत, मग ज्याच्याकडे आयोजनाची जबाबदारी असेल तो अधिकारी स्वतःचे (बऱ्याचदा कर्जाचे) पैसे ओतायचा, कारण पुढच्या निवडणुकीत लोक हेच लक्षात ठेवायचे. सीझरने तरुणपणी असाच खर्च करून डोक्यावर कर्जाचा डोंगर करून घेतला होता. पुढे सम्राट आले आणि राजधानीतलं हे श्रेय हळूहळू त्यांनी स्वतःकडे घेतलं.

फुकट म्हणजे कुठेही बसा असं मात्र नाही, त्यासाठी पुढचा प्रश्न बघा.

४. बसायची व्यवस्था कशी होती? बायकांना प्रवेश होता का?

प्रवेश होता, पण जागा दर्जाप्रमाणे. इ.स.पू. १९४ पासून सिनेटर सगळ्यात पुढे. इ.स.पू. ६७ च्या रोस्कियस कायद्याने त्यांच्यामागच्या १४ रांगा इक्विटीस म्हणजे श्रीमंत घोडेस्वार वर्गाला. मग पुतेओली गावातल्या भरगच्च खेळात एका सिनेटरला कुणी जागाच दिली नाही, त्यावरून पहिला सम्राट ऑगस्टस चिडला आणि त्याने सगळंच नियमात बांधलं. सैनिक वेगळे, लग्न झालेले पुरुष वेगळे, शाळकरी मुलं एका बाजूला आणि त्यांचे शिक्षक शेजारी, गडद कपडेवाल्यांना मधल्या भागात बंदी. बायकांना सगळ्यात वर, मागे, व्हेस्टल कुमारिका (व्हेस्टा देवीच्या पुजारणी) सोडून, त्यांना पुढे मानाची जागा होती.

हे थिएटर आणि अँफिथिएटरचं झालं. सर्कसमध्ये स्त्री-पुरुष शेजारी शेजारी बसायचे, आणि कवी ओव्हिडने तर शेजारच्या मुलीशी ओळख कशी काढायची, तिच्या मांडीवर धूळ पडली की (नसली तरी) कशी झटकायची, याचे धडेच लिहून ठेवलेत.

५. एवढं मोठं शहर, मग रोममध्ये पक्कं थिएटर इतक्या उशिरा का झालं?

हा माझा आवडता प्रश्न. प्लॉटस आणि टेरेन्स या दोन विनोदी नाटककारांची सगळी नाटकं लाकडी, तात्पुरत्या रंगमंचांवर झाली, उत्सव संपला की मोडून टाकायचे. इ.स.पू. १५४ च्या सुमारास एक दगडी थिएटर बांधायला घेतलं होतं, पण स्किपिओ नासिका नावाच्या सिनेटरने सिनेटला पटवलं की हे निरुपयोगी आणि लोकांच्या नीतीला घातक आहे, आणि अर्धवट बांधकाम पाडलं. नीतीचं कारण बोलून दाखवायला ठीक आहे, पण माझ्या मते खरी भीती वेगळी होती. हजारो लोक एकत्र बसलेत, एकत्र ओरडतायत, आणि कायमची इमारत ज्याने बांधली त्याचं नाव तिथे कायमचं राहणार, हे सिनेटमधल्या एकमेकांवर डोळा ठेवून असलेल्या घराण्यांना चालणारं नव्हतं.

शेवटी इ.स.पू. ५५ मध्ये सेनापती पाँपेने बांधलंच. प्रेक्षकांच्या रांगांच्या अगदी वर त्याने प्रेमदेवता व्हीनसचं देऊळ ठेवलं, आणि हे देऊळ आहे, रांगा म्हणजे त्याच्या पायऱ्या, असं त्याने मांडल्याचं नंतरचा लेखक टर्टुलियन सांगतो. याच संकुलातल्या सभागृहात इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला.

तात्पुरतं म्हणजे साधं नव्हे हेही लक्षात घ्या. इ.स.पू. ५८ मध्ये स्कॉरस नावाच्या अधिकाऱ्याने काही दिवसांसाठी उभारलेल्या थिएटरला ३६० खांब होते असं लेखक थोरला प्लिनी सांगतो. आणि क्युरिओ नावाच्या पुढाऱ्याने पाठीला पाठ लावून दोन लाकडी थिएटरं बांधली, सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं, मग ती अख्खी फिरवायची, समोरासमोर आणायची, की झालं अँफिथिएटर, आणि प्लिनी म्हणतो की काही लोक फिरताना आपापल्या जागी बसून होते!

६. ग्रीक थिएटर आणि रोमन थिएटर यात फरक काय?

ग्रीकांनी टेकडीचा उतार वापरला, रोमनांनी काँक्रीटच्या कमानींवर रांगा उभ्या केल्या, त्यामुळे सपाट जागी, भर शहरात थिएटर बांधता आलं. समोरचा गोल अर्धा झाला कारण कोरसची (गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाची) गरज उरली नव्हती, तिथे मोठ्या लोकांच्या खुर्च्या आल्या. रंगमंचामागे दोन-तीन मजली खांबांची भिंत, फ्रान्समधल्या ऑरेंज गावात ती अजून उभी आहे, १०३ मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. तुर्कस्तानातलं अस्पेंडोस आणि सीरियातलं बोस्रा हीसुद्धा फार चांगल्या अवस्थेत टिकलेली.

७. नाटकं कशाबद्दल असायची? आपल्याला आवडतील का?

प्लॉटस नक्की आवडेल. त्याची वीस नाटकं जवळजवळ पूर्ण मिळतात, सगळी ग्रीक कथानकं घेऊन लॅटिनमध्ये नव्याने रचलेली. रस्ता, दोन-तीन घरांचे दरवाजे, प्रेमात पडलेला पण खिशात दमडी नसलेला मुलगा, कंजूष बाप, बढाईखोर शिपाई, आणि या सगळ्यांना गुंडाळून ठेवणारा हुशार गुलाम. पात्रं ग्रीक कपड्यात, त्यामुळे "हे आपलं नाही, तिकडचं आहे" असं म्हणून बापाला आणि मालकाला मनसोक्त फसवता यायचं.

आणि ही नाटकं आपण आज वाचतो तशी नुसती बोलायची नव्हती. प्लॉटसच्या ओळींपैकी निम्म्याहून जास्त ओळी वाद्याच्या साथीवर, जोडपाव्यासारखं एक वाद्य असायचं. टेरेन्सच्या नाटकांबरोबर प्रयोगाची माहिती टिकलीय, त्यात संगीत क्लॉडियस नावाच्या मालकाच्या फ्लॅकस या गुलामाचं असं लिहिलंय. बावीसशे वर्षांपूर्वीचा एक गुलाम वादक, आणि आपल्याला त्याचं नाव माहीत आहे, मला याचं फार अप्रूप वाटतं.

शोकांतिकाही खूप होत्या पण त्या काळातल्या फक्त तुकड्यांत उरल्या. पूर्ण मिळतात त्या सेनेकाच्या, इ.स. पहिल्या शतकातल्या, आणि त्या खरंच रंगमंचावर झाल्या की फक्त वाचून दाखवल्या यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे.

८. टेरेन्सचं नाटक सोडून लोक डोंबाऱ्याकडे पळाले ही गोष्ट खरी का?

टेरेन्सच्याच "हेकिरा" म्हणजे "सासू" या नाटकाच्या नांदीत हे आहे, आणि नांदी म्हणणारा स्वतः नाटक कंपनीचा मालक अँबिवियस टर्पियो. पहिला प्रयोग इ.स.पू. १६५, मुष्टियोद्धे आणि दोरीवरून चालणारा येणार अशी हवा झाली आणि गोंधळात नाटक बंद पडलं. दुसरा इ.स.पू. १६०, पहिला भाग छान चालला होता, तेवढ्यात ग्लॅडिएटर आहेत अशी बातमी पसरली आणि बाहेरून लोक जागेसाठी धक्काबुक्की करत घुसले. त्याच वर्षी तिसऱ्यांदा केलं तेव्हा पूर्ण झालं.

यावरून "रोमन लोकांना नाटकाची अक्कल नव्हती" असं बरेच जण लिहितात, ते मला पटत नाही. नीट वाचा, दुसऱ्या वेळी आत बसलेले प्रेक्षक उठून गेले असं तो म्हणतच नाही, बाहेरची गर्दी आत आली. आणि याच टेरेन्सचं "नपुंसक" हे नाटक इ.स.पू. १६१ मध्ये इतकं चाललं की त्याला ८,००० सेस्टर्स (रोमन नाणी) मिळाले, विनोदी नाटकाला तोवर कुणालाच मिळाली नव्हती एवढी रक्कम.

९. माइम आणि पँटोमाइम एकच ना? म्हणजे मुकाभिनय?

नाही, आणि आजच्या अर्थाने मुकाभिनय तर माइम मुळीच नव्हता. माइममध्ये भरपूर बोलायचे, मुखवटा नाही, पायात काही नाही, विषय रोजचे, नवरा-बायको-प्रियकर, मारामारी, राजकारणावर टोमणे. मुखवटा नसल्यामुळे चेहऱ्यावरचा अभिनय दिसायचा, आणि बायकांची कामं बायकाच करायच्या (बाकी नाटकात सगळे पुरुष).

पँटोमाइम म्हणजे एकटा नर्तक, बंद ओठांचा मुखवटा, मागे गायकवृंद आणि वाद्यं, आणि तो एकटाच आळीपाळीने देव, राणी, राक्षस सगळं नाचून दाखवणार. रोममध्ये ही कला इ.स.पू. २२ च्या सुमारास किलिकियाचा पिलाडीस आणि अलेक्झांड्रियाचा बाथिलस यांनी रुजवली. लुशियन या लेखकाने एक गोष्ट दिलीय. डेमेट्रियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणायचा की नर्तकाचं यात काही नाही, लोक कपड्यांना आणि गाण्याला भुलतात. सम्राट नीरोच्या काळातल्या एका नर्तकाने त्याला सांगितलं, एकदा बघ तरी. मग गायक-वादक सगळे थांबवले आणि एकट्याने युद्धदेव मार्स आणि व्हीनसची चोरटी भेट, तिच्या नवऱ्याचं म्हणजे व्हल्कनचं जाळं, लाजलेली व्हीनस, भोवती जमलेले देव, सगळं नाचून दाखवलं, तेव्हा डेमेट्रियस ओरडला की मला हे नुसतं दिसत नाही, ऐकू येतंय, तू हातांनी बोलतोस!

ज्यांना एकट्या कलाकाराने अभिनयाने अख्खी कथा उभी केलेली बघायची सवय आहे, त्यांना हा प्रकार ग्लॅडिएटरपेक्षा जवळचा वाटेल असं मला वाटतं. रोमनांना तर तो इतका प्यारा होता की नर्तकांचे चाहते एकमेकांची डोकी फोडायचे. इ.स. १५ मधल्या दंगलीत सैनिक आणि त्यांचा एक अधिकारी (सेंच्युरियन) मारले गेले, आणि इ.स. २३ मध्ये सम्राट टायबेरियसने नटांना इटलीतूनच हाकललं. अर्थात पुढे परत आलेच.

१०. एवढे लाडके होते तर नटांना समाजात मान का नव्हता?

हा विरोधाभास खरा आहे आणि त्रासदायक आहे. पैशासाठी रंगमंचावर उभा राहणारा कायद्याने कलंकित, त्याला निवडणूक लढवता येत नाही, सैन्यात जाता येत नाही, ऑगस्टसच्या कायद्याने सिनेटरच्या घराण्यात नटांशी लग्न होऊ शकत नाही. बरेच नट गुलाम किंवा मुक्त केलेले गुलाम, त्यांना फटकेही मारता यायचे.

अपवाद आहेत. रोस्कियस हा नट (प्रश्न ४ मधल्या कायद्याचा रोस्कियस वेगळा) वक्ता आणि वकील सिसेरोचा मित्र, सिसेरोने त्याचा खटला लढवला आणि हुकूमशहा सुलाने त्याला सोन्याची अंगठी म्हणजे इक्विटीसचा दर्जा दिला. उलट उदाहरण लाबेरियसचं. तो स्वतः इक्विटीस, माइम लिहायचा, पण काम कधी करत नव्हता. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरने त्याला साठीच्या वयात रंगमंचावर उतरायला लावलं, म्हणजे दर्जा गेला. त्याने त्या प्रयोगातच म्हटलं की ज्याला पुष्कळ लोक भितात त्याला पुष्कळांना भ्यावं लागतं, आणि सगळ्या थिएटरच्या माना सीझरकडे वळल्या. नंतर सीझरने अंगठी आणि पाच लाख सेस्टर्स देऊन दर्जा परत केला, पण जे झालं ते झालंच. नीरोवर लोक एवढे का चिडले तेही इथेच कळतं, पुढे बघा.

११. नीरो खरंच स्टेजवर गायचा का?

हो. पहिला मोठा जाहीर कार्यक्रम इ.स. ६४ मध्ये नेपल्सला, आणि लोक बाहेर पडल्यावर ते थिएटर कोसळलं. इ.स. ६६-६७ मध्ये ग्रीसचा दौरा. टाळ्या वाजवायला त्याने ५,००० च्या वर तरुण ठेवले होते, त्यांच्या टाळ्यांचे प्रकार ठरलेले, एक मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा, एक कौलांसारखा, एक विटांसारखा. तो गात असताना बाहेर जायला बंदी, त्यामुळे काही जण मेल्याचं सोंग करून उचलून बाहेर गेले असं चरित्रकार सुइटोनियस लिहितो, त्यात मसाला असू शकतो. रोम जळताना फिडल वाजवत होता हे मात्र विसरा, फिडल तेव्हा नव्हतंच.

१२. उन्हाचं काय करायचे?

वर कापडाचं छत ताणायचे. कलोसियममध्ये हे काम मिसेनमच्या नौदलातले खलाशी करायचे कारण दोर आणि शिडं त्यांना कळायची. पाँपेई शहराच्या भिंतींवरच्या जाहिरातींत "छत असेल" असं मुद्दाम लिहिलेलं सापडतं. कवी लुक्रेशियसने तर वर्णन केलंय की पिवळी, लाल, जांभळी कापडं वर फडफडतायत आणि त्यांचा रंग खाली प्रेक्षकांवर, रंगमंचावर हलतोय. शिवाय केशराचं सुगंधी पाणी शिंपडायचे.

१३. अंगठा खाली म्हणजे मृत्यू, बरोबर ना? आणि "मरायला निघालेले तुला सलाम करतात"?

अंगठा वळवायचे एवढं कवी जुव्हेनालने लिहिलंय, वर की खाली ते नाही. खालचा अंगठा आपल्या डोक्यात बसला तो मुख्यतः फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८७२ च्या चित्रामुळे. सलामाचं वाक्य तर एकाच प्रसंगाचं आहे, इ.स. ५२, फ्युसिनस तलावावर सम्राट क्लॉडियसने नौकायुद्ध भरवलं तेव्हा, आणि म्हणणारे ग्लॅडिएटर नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते.

प्रत्येक लढत मरेपर्यंत नव्हती हेही सांगून टाकते. तयार ग्लॅडिएटर म्हणजे मोठी गुंतवणूक. पाँपेईत भिंतींवर लढतींचे निकाल खरवडलेत, नावापुढे जिंकला, सोडला किंवा मेला याचं अक्षर, आणि "सोडला" पुष्कळ वेळा दिसतं.

१४. सगळ्यात जास्त गर्दी कशाला?

रथांना, वादच नाही. सर्कस मॅक्सिमस सुमारे ६०० मीटर लांब, क्षमता जुन्या लेखकांत दीड लाखापासून अडीच लाखापर्यंत. सात फेऱ्या, एका वेळी जास्तीत जास्त १२ रथ, आणि चार संघ, लाल, पांढरा, निळा, हिरवा. धाकटा प्लिनी (आधीच्या प्लिनीचा भाचा) कुरकुरतो की मध्येच रंग बदलले तर हे लोक घोडे आणि सारथी सोडून रंगामागे जातील. लुसिटानियाचा (आजचं पोर्तुगाल) सारथी डायोक्लीस २४ वर्षं धावला, ४,२५७ शर्यती, १,४६२ विजय, हे सगळं शिलालेखात आहे. याच रंगांच्या गटांनी इ.स. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला निका दंगल केली, सम्राट जस्टिनियनची गादी जाता जाता वाचली. त्याची राणी थिओडोरा आधी माइममध्ये काम करायची (प्रश्न ९).

१५. अपघात व्हायचे का?

भयंकर. इ.स. २७ मध्ये रोमजवळ फिडेनीला अटिलियस नावाच्या माणसाने कच्च्या पायावर लाकडी अँफिथिएटर उभं केलं आणि ते कोसळलं, इतिहासकार टॅसिटस मेलेले आणि जखमी मिळून ५०,००० म्हणतो. त्यानंतर नियम झाला की ४,००,००० सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने खेळ भरवायचे नाहीत आणि जमीन तपासल्याशिवाय बांधायचं नाही. इ.स. ५९ मध्ये पाँपेई आणि नुकेरियाच्या प्रेक्षकांची मारामारी झाली, पाँपेईला १० वर्षं असे खेळ भरवायला बंदी. त्या मारामारीचं भित्तिचित्र नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, अवश्य बघा.

१६. नाटकात खरंच माणूस मारायचे असं वाचलं, खरं का?

थिएटरमधल्या नाटकात नाही. "लॉरिओलस" नावाच्या दरोडेखोराचं एक लोकप्रिय माइम होतं, शेवटी त्याला क्रुसावर चढवतात. इ.स. ४१ मध्ये सम्राट कॅलिगुलाचा खून झाला त्या दिवशी हेच चाललं होतं, आणि नटांनी इतकं नाटकी रक्त ओकलं की रंगमंच भरून गेला. पण इ.स. ८० च्या कलोसियमच्या उद्घाटनाच्या खेळांबद्दल कवी मार्शल लिहितो की लॉरिओलसच्या जागी खरा कैदी होता, क्रुसावर टांगलेला, आणि अस्वलाने त्याला फाडलं. शिक्षा आणि कथा एकत्र करायचे, आणि मार्शल त्याचं कौतुक करतो. रोमन रंगभूमीवर माझं कितीही प्रेम असलं तरी हे झाकून ठेवणं बरोबर नाही.

१७. हे सगळं बंद कधी झालं?

एका दिवसात नाही. ग्लॅडिएटर पाचव्या शतकात संपले, कलोसियममधल्या शिकारी ५२३ पर्यंत, सर्कस मॅक्सिमसमधली शेवटची शर्यत ५४९ मध्ये गॉथ राजा टोटिलाने भरवली. पूर्वेकडे माइम अजून चालूच होतं, ६९१-९२ च्या चर्च परिषदेला त्यावर बंदी घालावी लागली.

१८. भारताचा यात काही संबंध?

दोन आहेत आणि दोन्ही छान आहेत. पहिला वाघाचा. इ.स.पू. ११ मध्ये मार्सेलस थिएटरच्या उद्घाटनाला ऑगस्टसने पिंजऱ्यात एक माणसाळलेला वाघ दाखवला, रोममधला पहिला, असं प्लिनी सांगतो. त्याआधी इ.स.पू. २० मध्ये सामोस बेटावर भारतातून आलेल्या शिष्टमंडळाने त्याला वाघ भेट दिले होते, हाच त्यातला होता का ते मात्र लिहिलेलं नाही.

दुसरा, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेला एक पपायरस, १९०३ मध्ये छापला गेला, त्यात रोमन काळातलं एक ग्रीक माइम आहे. करिटिऑन नावाची मुलगी भारताच्या किनाऱ्यावर एका देवळात अडकलीय, राजा तिला देवीला बळी देणार, तिचा भाऊ जहाज घेऊन येतो आणि सगळे मिळून राजाला पाणी न घातलेली दारू पाजून पळ काढतात. विदूषकाचं शस्त्र म्हणजे पादणं. ढोल कुठे वाजवायचा त्याच्या खुणासुद्धा त्या पपायरसवर आहेत, म्हणजे ही प्रत कुणीतरी प्रयोगासाठी वापरली असणार. आणि भारतीय पात्रं त्यात जे बोलतात ते ग्रीक नाही. ते जुनं कन्नड आहे असं काही अभ्यासकांनी त्यातल्या ओळींचा अर्थ लावून मांडलं, तर बाकीच्यांच्या मते हसवण्यासाठी केलेली ती निव्वळ बडबड आहे, आणि हा वाद शंभराहून जास्त वर्षं झाली तरी मिटलेला नाही.